एलईडीची चिप कशी कापतात? कर्ज मागण्याआधी समजून घेऊ या



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत एक गट रंगीत पत्रक घेऊन आला होता. त्यावर लिहिलं होतं, 'एलईडी चिप आणि बल्ब बनवण्याचा घरगुती उद्योग. मशीन घ्या, तयार माल आम्हीच परत घेऊ.' मशीनची किंमत दीड लाख. गटाने तेवढ्याच कर्जाची मागणी लिहून आणली होती, सह्याही झाल्या होत्या.

मागे बसलेल्या एका काकूंनी विचारलं, "मॅडम, बल्ब जोडायचा ते कळलं. पण ही चिप नेमकी कशापासून होते? ती आपल्या घरात कशी करायची?"

मी समाजकार्य शिकलेली मुलगी. मला उत्तर येत नव्हतं. तरी मी म्हणून गेले, "मशीनमध्येच होत असेल." काकू गप्प बसल्या. पण घरी जाताना माझंच बोलणं मला टोचत राहिलं. कर्ज दहा जणींच्या नावावर चढणार, हप्ता दर महिन्याला येणार आणि माझं उत्तर काय, तर 'असेल'! म्हणून मी ही माहिती गोळा केली, समजून घेतली. आजचा पाठ काकूंच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

१. आधी बल्बमध्ये डोकावून बघू

घरात एखादा बंद पडलेला एलईडी बल्ब असेल तर तो होल्डरमधून काढून हातात घ्या. (होल्डरमध्ये असताना बल्ब कधीही उघडायचा नाही. आतल्या भागाला थेट विजेचा झटका बसू शकतो.) वरची पांढरी प्लास्टिकची टोपी काढली की आत ॲल्युमिनियमची गोल पट्टी दिसेल. तिच्यावर पिवळे चौकोनी ठिपके ओळीने बसवलेले असतात. एखाद्या ठिपक्याच्या मध्ये काळा डाग दिसला तर बहुतेक वेळा तोच जळालेला असतो. हे ठिपके माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला तरी सगळी माळ अंधारात जाते.

आपल्याला वाटतं की तो पिवळा ठिपका म्हणजेच चिप. तसं नाही. बाजारात खूप चालणारा ठिपका '२८३५' नावाचा असतो. म्हणजे २.८ मिलिमीटर रुंद आणि ३.५ मिलिमीटर लांब. तो नुसता डबा आहे. खरी चिप त्या पिवळ्या थराच्या खाली दडलेली असते आणि ती सहसा एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते. मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक. चिपमधून निळा उजेड निघतो. वरची पिवळी पावडर त्यातला काही निळा उजेड पिवळा करते. निळा आणि पिवळा एकत्र आले की डोळ्यांना पांढरा दिसतो.

लाल आणि हिरवे एलईडी १९६० च्या दशकापासून होते. पण चांगला निळा जमत नव्हता, म्हणून पांढरा दिवाही होत नव्हता. जपानमधल्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो निळा उजेड मिळवला. नाकामुरा शिकोकू बेटावरच्या निचिया नावाच्या कंपनीत काम करायचे. त्या कंपनीने १९९३ मध्ये लखलखीत निळा एलईडी जगापुढे आणला. या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपल्या पडवीत लागणारा दिवा त्याच कामावर उभा आहे.

२. चकती कशाची असते?

चिप एकेक करून बनवत नाहीत. आपण शंकरपाळीची मोठी पोळी लाटतो आणि मग कापतो, तसंच. आधी एक गोल पातळ चकती घेतात. तिला वेफर म्हणतात. (बटाट्याचे वेफर्स आठवले ना? पातळपणावरूनच ते नाव.)

पांढऱ्या दिव्याच्या चिपसाठी ही चकती बहुतेक वेळा सफायरची असते. सफायर म्हणजे नीलम. अंगठीतल्या नीलमला निळा रंग त्यात मिसळलेल्या इतर धातूंमुळे येतो. कारखान्यातला सफायर शुद्ध असतो, म्हणून तो काचेसारखा पारदर्शक दिसतो. ॲल्युमिनियम ऑक्साईड सुमारे २,०५० अंश सेल्सिअसला वितळवून त्याचा मोठा स्फटिक वाढवतात आणि त्याच्या चकत्या काढतात. बरीच वर्षं दोन इंची चकती चालायची. आपल्या दोन-चारच्या बांगडीच्या आत ती सहज बसेल. आता चार आणि सहा इंचाच्याही चकत्या वापरतात.

या चकतीवर बंद भट्टीत, सुमारे हजार अंश तापमानाला, गॅलियम नायट्राइड नावाच्या पदार्थाचे थर चढवतात. सगळे थर मिळून जाडी होते काही मायक्रॉन. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे उजेड देणारा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ. मग त्यावर बारीक धातूचे ठिपके बसवतात, वीज आत जावी म्हणून. आता एकाच चकतीवर हजारो चिप शेजारी शेजारी तयार असतात. दोन चिपांमध्ये सरळ, रिकामी पट्टी सोडलेली असते. कारागीर तिला 'गल्ली' म्हणतात. याच गल्लीतून कापायचं असतं.

३. कापायचं कसं? चिक्की आठवा

इथे खरी कसोटी. सफायर फार कठीण. कठीणपणाच्या मापावर हिरा दहावर आणि सफायर नऊवर. शिवाय तो ठिसूळ आहे. जोर लावून कापायला गेलं तर वेडावाकडा तडा जातो आणि तयार चिप वाया जातात.

आपण चिक्की कशी करतो? ताटात थापली की गरम असतानाच सुरीने रेघा मारतो. पूर्ण कापत नाही. गार झाली की रेघेवर दाब देतो आणि वडी 'टक्' करून सरळ सुटते. रेघ मारायला विसरलो तर चिक्की वाटेल तशी फुटते. सफायरची चकती याच रीतीने कापतात. आधी रेघ, मग दाब. टप्पे असे आहेत:

*पहिला टप्पा, पातळ करणे.* दोन इंची चकती साधारण ४३० मायक्रॉन जाडीची असते. जाड वस्तू रेघेवर सरळ तुटत नाही. म्हणून चकती मागून घासून घासून साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास आणतात. म्हणजे जवळपास केसाएवढी पातळ. एवढी पातळ चकती हाताळताना फुटू शकते, त्यामुळे हे काम फार जपून चालतं.

*दुसरा टप्पा, चिकटपट्टीवर बसवणे.* भरतकामासाठी आपण कापड गोल रिंगमध्ये ताणून बसवतो. तसंच इथे धातूच्या रिंगमध्ये एक चिकट, लवचीक कागदासारखी पट्टी ताणतात आणि तिच्यावर चकती चिकटवतात. त्यामुळे तुकडे झाले तरी कुठलीच चिप जागेवरून हलत नाही.

*तिसरा टप्पा, रेघ मारणे.* याच्या तीन पद्धती आहेत.

जुनी पद्धत हिऱ्याच्या टोकाची. काचवाल्याकडे खिडकीची काच कापून घेताना तुम्ही पाहिलं असेल. तो पट्टी लावून एकच रेघ ओढतो आणि मग काच हाताने मोडतो. तेच तत्त्व. पण हिऱ्याचं टोकही सफायरवर झिजतं, सारखं बदलावं लागतं आणि काम हळू चालतं.

दुसरी पद्धत लेझरची. डोळ्यांना न दिसणारा अतिनील लेझर गल्लीतून फिरवतात. तो काही मायक्रॉन रुंदीची बारीक चर पाडतो. काम झटपट होतं, रेघ बारीक येते. पण चरीच्या कडेला जळकट मळी राहते. ती उजेड गिळते, म्हणून नंतर रसायनाने धुवावी लागते.

तिसरी पद्धत सगळ्यात गंमतशीर. यात लेझर पृष्ठभागाला धक्का न लावता आरपार जातो आणि चकतीच्या पोटात एका बिंदूवर एकवटतो. तिथे आतल्या आत कमजोर ठिपक्यांची ओळ तयार होते. टपाल तिकिटांच्या पानावर भोकांची ओळ असते, तशीच ही ओळ, पण पोटात लपलेली. वरून बघितलं तर काही कापलेलं दिसतच नाही. धूळ नाही, पाणी नाही. ही पद्धत जपानच्या हामामात्सु फोटोनिक्स कंपनीने विकसित केली.

*चौथा टप्पा, मोडणे.* चकती उलटी करतात. प्रत्येक रेघेच्या बरोबर मागे एक पातळ पातं टेकवून हलका दाब देतात. आधी सगळ्या उभ्या रेघा, मग सगळ्या आडव्या. रेघ जिथे असते तिथेच तडा जातो.

*पाचवा टप्पा, पसरवणे.* चिप तुटल्या तरी एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. म्हणून खालची पट्टी चारी बाजूंनी ताणतात. तणाव आला की चिपांमध्ये फट पडते आणि त्या वेगवेगळ्या उचलता येतात.

*सहावा टप्पा, निवडणे.* आपण तांदूळ निवडतो तसं. पण इथे यंत्र प्रत्येक चिपला वीज देऊन बघतं: उजेड किती, रंगाची छटा कोणती, किती व्होल्ट लागतात. त्याप्रमाणे वेगवेगळे गट पाडतात. एकाच चकतीतल्या सगळ्या चिप सारख्या नसतात. स्वस्त बल्बांत दोन बल्बांचे रंग वेगळे दिसतात, त्याचं एक कारण इथे आहे. निवड सैल झाली, सरमिसळ झाली की तो फरक आपल्या भिंतीवर दिसतो.

४. गल्ली जेवढी अरुंद, तेवढा नफा

आता थोडं गणित. घाबरू नका, हे आपल्या ब्लाऊजपीसच्या गणितासारखंच आहे.

दोन इंची चकतीचं क्षेत्रफळ सुमारे २,०२७ चौरस मिलिमीटर. समजा, चिप ०.४ मिलिमीटर बाय ०.४ मिलिमीटरची आहे.

गल्ली ०.१ मिलिमीटर ठेवली तर एका चिपला जागा लागते ०.५ बाय ०.५, म्हणजे ०.२५ चौरस मिलिमीटर. २,०२७ भागिले ०.२५ केलं की साधारण ८,१०० चिप.

गल्ली ०.०३ मिलिमीटर केली तर जागा लागते ०.४३ बाय ०.४३, म्हणजे सुमारे ०.१८५ चौरस मिलिमीटर. आता साधारण १०,९५० चिप.

चकती तीच, भट्टीचा खर्च तोच, वीज तीच. फक्त कापण्याची रेघ बारीक झाली आणि सुमारे २,८०० चिप जास्त निघाल्या. (कडेचे अर्धे तुकडे वाया जातात, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे कमी येतील.) म्हणून तर कारखाने हिऱ्याचं टोक सोडून महागड्या लेझरकडे गेले.

ही गोष्ट शिवणकामाच्या गटातल्या ताईंना लगेच पटेल. कापड कापताना बेतून कापलं तर त्याच तागातून दोन पिशव्या जास्त निघतात. विक्रीचा भाव आपल्या हातात नसतो, पण कात्री आपल्या हातात असते. वाया किती गेलं याची नोंद तुमच्या गटाच्या वहीत आहे का? नसेल तर या महिन्यापासून एक रकाना आखा.

५. मग हे गावात होईल का?

काकूंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: चिप बनवणं आणि कापणं घरात होत नाही. त्याला हजार अंशांची बंद भट्टी लागते, मायक्रॉनवर चालणारं लेझर यंत्र लागतं, धुळीचा कणही नको अशी खोली लागते. अशी यंत्रं दीड लाखात येत नाहीत. आपल्या देशात बल्ब जोडणारे कारखाने पुष्कळ आहेत, पण त्यातली चिप बहुतांश चीन, तैवान, कोरिया, जपान अशा देशांतून येते.

गावात काय होऊ शकतं? जोडणी होऊ शकते. ठिपके बसवलेली तयार पट्टी, वीज सांभाळणारा ड्रायव्हर, प्लास्टिकचं अंग आणि पितळी टोपी विकत आणायची, डाग द्यायचा, टोपी दाबून बसवायची, पेटवून तपासायचं. दुरुस्तीही होऊ शकते. आणि बायका हे काम उत्तम करतात. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पात राजस्थानच्या डुंगरपूर जिल्ह्यातल्या बचत गटाच्या महिलांनी अभ्यासाचे सौर दिवे जोडले, विकले, दुरुस्त केले. पुढे त्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. पण त्यांना नीट प्रशिक्षण मिळालं होतं, मालाचा दर्जा तपासणारं कुणीतरी पाठीशी होतं. ते नुसत्या पत्रकावर झालेलं नाही.

६. हिशोब करून बघू

हे आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या भागातले खरे भाव घालून पुन्हा करा.

समजा, एका बल्बच्या सुट्या भागांचा खर्च ४० रुपये आणि विक्री ५५ रुपये. शंभर बल्बांवर वरकड १,५०० रुपये. दोघींची एक दिवसाची मजुरी ६०० रुपये. वाहतूक आणि वीज ३०० रुपये. हमीच्या काळात सहा बल्ब परत आले तर ते बदलून द्यायला २४० रुपये. हातात उरले ३६० रुपये. कर्जाचा हप्ता यातून जायचा आहे.

आता समजा, भाग हलके निघाले आणि सहाऐवजी पंधरा बल्ब परत आले. बदलायला लागले ६०० रुपये. हातात उरलं शून्य. हप्ता मात्र शून्य होत नाही.

म्हणजे या धंद्याचा जीव कशात आहे? मशीनमध्ये नाही. परत येणाऱ्या बल्बांत आहे.

७. कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी विचारायचे प्रश्न

१. यंत्र नेमकं काय करतं? चालताना समोर बघितलं का?
२. चिप आणि पट्टी कुठून येणार? फक्त त्याच माणसाकडून घ्यावी लागेल, की बाजारातही मिळते?
३. 'माल परत घेऊ' हे लेखी आहे का? कोणत्या भावाने, किती दिवसांत, आणि नाकारलेल्या मालाचं काय?
४. बल्ब विकायला बीआयएसची नोंदणी आणि बीईईचं स्टार लेबल सक्तीचं आहे. ते कुणाच्या नावाने असेल? खर्च कोण करणार?
५. जळालेले बल्ब परत आले तर भरपाई कुणाची?
६. हे काम आधीपासून करणारा एखादा गट दाखवता येईल का? त्यांची वही बघता येईल का?

यातल्या एका प्रश्नालाही 'असेल', 'बघू' असं उत्तर आलं तर सही करायची नाही. मग उत्तर देणारी मी असले तरी.

पुढे काय झालं?

पुढच्या बैठकीत गटाने पत्रकावरच्या नंबरला सगळ्यांसमोर, स्पीकर चालू करून फोन लावला. दुसरा प्रश्न विचारल्यावर पलीकडून उत्तर आलं, "चिप तयारच येते हो ताई, तुम्ही फक्त टोपी दाबायची." म्हणजे दीड लाखाचं ते मशीन टोपी दाबायचं होतं! तिसऱ्या प्रश्नाला 'प्रत्यक्ष भेटून बोलू' असं उत्तर मिळालं. गटाने अर्ज मागे घेतला. त्याऐवजी दोघींनी बल्ब दुरुस्ती शिकायची आणि गावातले बंद बल्ब गोळा करून सुरुवात करायची, असं ठरलं. पुढे जोडणीचं काम करायचं की नाही, ते सहा महिन्यांची वही बघून ठरवतील.

आणि काकूंना मी सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी मला माहीत नव्हतं, पण मी तसं म्हटलं नाही. चूक झाली." काकू हसल्या आणि म्हणाल्या, "आता तरी कळलं ना? मग इतरांनाही सांगा." म्हणून हा लेख.

बैठकीत करून बघा

चौकड्यांच्या वहीवर एक बांगडी ठेवून गोल काढा. आत पूर्ण बसलेले चौकोन मोजा. कडेला कापले गेलेले वेगळे मोजा. मग एकेक चौकोन सोडून जाड रेघा ओढा आणि पुन्हा मोजा. गल्ली रुंद झाली की किती चिप गेल्या, ते शाळेत न गेलेल्या ताईंनाही डोळ्यांनी दिसेल.

उजळणी

१. चिक्की आणि सफायरची चकती यांत कोणतं साम्य आहे?
२. बल्बमधला पिवळा ठिपका म्हणजे चिप का नाही?
३. आपल्या गटाच्या कामात 'गल्ली' कुठे आहे? म्हणजे, माल कुठे वाया जातो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गटाच्या वहीत लिहा आणि पुढच्या प्रभागसंघ बैठकीला सोबत आणा. पिशव्यांचा गट, पापडाचा गट, दुधाचा गट, प्रत्येकाची गल्ली वेगळी असेल. आपण एकत्र बसून मोजू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक